नीलकंठ नावाचा जपानी फॉरवर्ड
(गणेशोत्सवातील कार्यक्रमात मंडळाच्या क्रीडा समितीतर्फे झालेले भाषण)



दरवर्षी या मांडवात आमच्या समितीला अर्धा तास मिळतो. त्यात आम्ही स्पर्धांचा अहवाल वाचतो, विजेत्यांची नावे घेतो आणि आरतीच्या आधी व्यासपीठ मोकळे करतो. यंदा अहवाल छापूनच दिला आहे. या अर्ध्या तासात एका खेळाडूची गोष्ट सांगावी, असे आम्ही ठरवले.

सुरतेत सध्या जपान म्हटले की बुलेट ट्रेन आठवते. अंत्रोळीचे स्टेशन उभे राहताना आपण येता-जाता पाहिले आहे. पण आमच्या गोष्टीतला जपान त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे आला, तोही पायात फुटबॉलचे बूट घालून. या खेळाडूचे नाव अराता इझुमी. जपानीत ‘अराता’ म्हणजे नवा आणि ‘इझुमी’ म्हणजे झरा. त्याचे दुसरे नाव ऐकून मात्र आपल्या बाप्पालाही हसू येईल. ते नाव आहे नीलकंठ, म्हणजे प्रत्यक्ष बाप्पाच्या वडिलांचे!

नीलकंठ हे नाव आले वडिलांकडून. वडील मूळचे आपल्या या गुजरातचे आणि आई जपानी. ३१ जुलै १९८२ रोजी जपानमधल्या शिमोनोसेकी या बंदराच्या गावी त्याचा जन्म झाला. तिथेच तो वाढला आणि तिथेच फुटबॉल शिकला. जपानच्या अल्बिरेक्स निगाता क्लबचा एक संघ तेव्हा सिंगापूरच्या लीगमध्ये खेळत असे, त्या संघातून तो खेळला. २००६ मध्ये तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे आला आणि मग इथलाच झाला.

पुढची गोष्ट आपल्या महाराष्ट्रात घडते. २००७ पासून दोन वर्षे तो मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून खेळला. त्यानंतर पुण्याच्या पुणे एफसी या क्लबकडून तो अनेक हंगाम खेळला. बालेवाडीच्या मैदानावर आघाडीच्या फळीत, कधी फॉरवर्ड म्हणून तर कधी फॉरवर्डच्या जरा मागे राहून, चेंडू पायाशी ठेवून मोकळी जागा शोधणारा हा खेळाडू पुणेकरांच्या ओळखीचा झाला. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये पुणे एफसीने देशात दुसरा क्रमांक मिळवला, त्या काळात तो या क्लबचा महत्त्वाचा खेळाडू होता.

याच सुमारास त्याने जपानचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले. फेब्रुवारी २०१३ मध्ये कोचीत पॅलेस्टाईनविरुद्धच्या सामन्यात तो भारताची जर्सी घालून उतरला तेव्हा त्याचे वय तीस होते. फॉरवर्डच्या हिशेबाने हे वय उतरणीकडे झुकलेले. भारताकडून त्याला मिळाले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सामने.

त्यानंतर इंडियन सुपर लीग आली. २०१५ मध्ये तो ॲटलेटिको दि कोलकाताकडून खेळला. त्या वर्षी १३ ऑक्टोबरला कोलकात्यात केरळ ब्लास्टर्सविरुद्ध सामना होता आणि पाहुणे म्हणून साक्षात पेले आले होते. त्या सामन्यात कोलकात्याचा पहिला गोल इझुमीचा होता. पुढे तो एफसी पुणे सिटीकडून खेळला. २०१७-१८ च्या हंगामात, सचिन तेंडुलकर ज्याचे सहमालक होते त्या केरळ ब्लास्टर्सची पिवळी जर्सी त्याने घातली. खेळणे थांबवल्यावर त्याने नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या अकादमीत मुलांना फुटबॉल शिकवले.

आता मूळ मुद्दा. मैदान सोडलेला हा खेळाडू मोबाईलवर अधूनमधून पुन्हा लोकप्रिय होतो. भारत एखादा सामना हरला की कुणीतरी त्याचे नाव काढते. परदेशातल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना खेळवावे की नाही, हा वाद पेटला की त्याचा फोटो फिरू लागतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर हे फारच झाले. बेंगळुरू एफसीचा रायन विल्यम्स हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला फॉरवर्ड. त्याची आई मुंबईत जन्मलेली आणि आजोबा संतोष ट्रॉफीत मुंबईकडून खेळलेले. त्याने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले, तेव्हा प्रत्येक बातमीत एक वाक्य आले: असे करणारा इझुमीनंतरचा हा दुसरा. झाले! ज्यांनी इझुमीला खेळताना कधी पाहिले नव्हते, त्यांच्याही मोबाईलवर तो पोचला.

आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावरही एक मजकूर येऊन पडला होता. त्यात त्याचा फोटो, तिरंगा आणि खाली एक टोमणा. आशय असा, की जपानसारख्या देशाचा पासपोर्ट या माणसाने भारतासाठी सोडला आणि आपली पोरे अमेरिकेच्या पासपोर्टसाठी रांगा लावतात. त्यावर चाळीसेक अंगठे आले आणि हात जोडलेली चित्रेही आली. दोघा-तिघांनी मात्र काहीच लिहिले नाही. त्यांची मुले न्यू जर्सीत आणि टोरंटोत आहेत, हे गटात सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही आज बोलायला उभे राहिलो ते या गप्प बसलेल्या दोघा-तिघांमुळे.

पासपोर्टचा विषय निघालाच आहे, तर कायदाही थोडा समजून घेऊ. आपल्या देशात दुहेरी नागरिकत्व नाही. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे जाते. २००५ पासून ओसीआय कार्ड आहे. त्यावर आयुष्यभर येता-जाता येते, राहता येते; पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. २००८ साली सरकारने असे धोरण ठरवले, की भारतातर्फे खेळायचे तर भारताचाच पासपोर्ट हवा. म्हणजे ओसीआय कार्ड असलेला खेळाडू क्लबकडून खेळू शकतो, पण देशाकडून नाही. जपानचा कायदाही या बाबतीत आपल्यासारखाच कडक आहे. जपानी माणसाने आपणहून दुसरे नागरिकत्व घेतले की जपानचे गेलेच.

तेव्हा इझुमीसमोर दोनच दारे होती आणि एक उघडायचे तर दुसरे लावून घ्यावे लागणार होते. भारतीय पासपोर्टवर जपानला जायचे तर व्हिसा लागतो. जिथे जन्मलो त्या देशात, स्वतःच्या आजोळी जायलाही अर्ज भरायचा! हे त्याने केले, त्याबद्दल आदर वाटायलाच हवा. पण त्याच्या हिशेबात काय काय असेल, याचाही विचार करा. इथे सहा-सात वर्षे काढलेली, क्रीडाजीवन इथले, वडिलांची मुळे इथली आणि मनात देशाच्या संघात खेळण्याची इच्छा. हा त्याचा निर्णय होता आणि त्याची किंमतही त्यानेच मोजली. तो निर्णय उचलून दुसऱ्याच्या मुलाच्या डोक्यात हाणायला आपण कोण?

न्यू जर्सीतल्या आपल्या मुलाचाही काही हिशेब असतो. नोकरीतली टांगती तलवार असते, तिथेच जन्मलेली मुले असतात, घराचे हप्ते असतात. त्याने पासपोर्ट बदलला त्या रात्री तो किती वेळ जागा होता, हे गटावर अंगठा दाखवणाऱ्यांना माहीत नसते. त्याच्या आईला मात्र माहीत असते, आणि ती आज याच मांडवात बसलेली असते. एकाचे कौतुक करताना दुसऱ्याच्या आईने मान खाली घालावी लागत असेल, तर त्या कौतुकात खोट आहे.

आणि गंमत बघा, या कौतुकात खुद्द इझुमीही कुठे नाही. त्याचा खेळ कसा होता, तो कुठल्या पायाने मारायचा, पुण्यात किती वर्षे खेळला, हे त्या मजकुरात शोधून सापडत नाही. सगळे आयुष्य पुसून एक पासपोर्ट तेवढा उरला. माणसाचा असा दाखला झाला की तो फिरवायला सोपा जातो.

हे असे का होते, याचा आम्ही समितीत बराच विचार केला. एक कारण अगदी साधे आहे. सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली, तिचे सामने थाटात दाखवले गेले आणि गोलांच्या चित्रफिती मोबाईलवर सहज मिळतात. त्यामानाने त्याआधीच्या सामन्यांचे चित्रण फार थोडे आहे. म्हणून मोबाईलवर पाहणाऱ्याला वाटते, की इझुमीचा खेळ वयाच्या तेहतिसाव्या वर्षी सुरू झाला. त्याच्या उमेदीची वर्षे, मुंबईतली आणि बालेवाडीतली, बहुतेक दिसतच नाहीत.

दुसरे कारण जास्त वाईट वाटण्यासारखे आहे. कोलकात्यात आणि केरळात फुटबॉलचे वेड घराघरात आहे. तिथल्या चाहत्यांच्या संघटना आपल्या जुन्या खेळाडूंची नावे जागती ठेवतात. आपल्या महाराष्ट्रात इझुमी ज्यांच्याकडून खेळला त्या क्लबांचे काय झाले? महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. ड्युरँड कप तीनदा आणलेला क्लब, पण मालकांनी निर्णय घेतला आणि संपला. पुणे एफसीही काही वर्षांत गुंडाळला गेला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. तीन क्लब, तिन्ही आज नाहीत. ज्या कपाटात त्याची जर्सी, सामन्यांची पत्रके आणि फोटो राहायला हवेत ते कपाटच उरले नाही. मग आठवण राहणार कुठे? ती वाऱ्यावर राहते आणि वारा फिरेल तशी फिरते.

एवढेच कशाला, मुंबईत १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स कप, ज्यासाठी कूपरेजवर देशभरातले संघ यायचे, तोही २००१ नंतर थांबला. याउलट कोल्हापूर बघा. तिथे पेठापेठांचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर सामने होतात आणि तालमीत आजोबांच्या काळातले फोटो भिंतीवर आहेत. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. मालक कंटाळला म्हणून कोल्हापूरची तालीम बंद पडत नाही, कारण ती पेठेची असते.

आता हे सगळे सुरतेच्या गणेशोत्सवात कशाला, असे कुणी विचारील. सांगतो. सुरत आणि मराठी माणूस, एवढे दोन शब्द उच्चारले की लोकांना काय आठवते? १६६४. फार झाले तर १६७०. इतिहास वाचलेला असेल तो राघोबादादांचा १७७५ चा तह सांगतो. टिळकांना मानणारा १९०७ चे काँग्रेस अधिवेशन सांगतो. या चार तारखांपुढे सुरतेतला मराठी माणूस कुणाला दिसत नाही. तापी व्हॅली रेल्वेच्या रुळांवरून खानदेशातून इकडे आलेली घरे दिसत नाहीत. उधन्याच्या, पांडेसऱ्याच्या कारखान्यांत पाळी करून मुलांना शिकवणारे दिसत नाहीत. लिंबायत-डिंडोलीच्या गल्ल्यांतून पहाटे सरावाला जाणारी मुले दिसत नाहीत. इथे लोक आपल्याला विचारतात, ‘तमे मूळ क्यांना?’ आणि धुळ्या-जळगावच्या लग्नात आपली ओळख करून देतात, ‘हे सुरतवाले.’ पिढ्या गेल्या तरी दोन्हीकडे आपण थोडे पाहुणेच.

म्हणून इझुमी आम्हाला जवळचा वाटतो. जपानमध्ये तो अर्धा हिंदुस्थानी आणि इथे ‘जपानी’. आपल्याबद्दल एकच ओळ लोकांना पाठ असली की काय वाटते, हे सुरतेतल्या मराठी माणसाइतके कुणाला कळणार? मग आपणच दुसऱ्याला एका ओळीत कसे बसवतो?

आमच्या तरुण मित्रांना एक सांगायचे आहे. तुम्ही युरोपातल्या क्लबांचे सामने रात्री जागून बघता, खेळाडूंची वये आणि किमती तोंडपाठ सांगता. ते खुशाल करा. आमच्या पिढीने रेडिओला कान लावून परदेशातल्या क्रिकेटची कॉमेंट्री ऐकली, तेव्हा आम्हाला बोलायचा अधिकार नाही. फक्त एवढे करा. एखाद्या निवृत्त खेळाडूचा फोटो कुणी पाठवला तर पुढे ढकलण्याआधी पाच मिनिटे त्याचा खेळ शोधून बघा. पेलेंसमोरच्या सामन्यातला इझुमीचा गोल बघा आणि तो गटावर टाका. टोमण्यापेक्षा तो बघायला छान आहे, आणि त्याने कुणाच्या आईला दुखत नाही.

मोठ्यांसाठी समितीचे काही प्रस्ताव आहेत. अध्यक्ष महोदयांच्या परवानगीने ते इथेच मांडतो.

पहिला प्रस्ताव, पुढच्या वर्षापासून या स्मरणिकेत दोन पाने आपल्या घरातल्या खेळाडूंसाठी राखून ठेवावीत. देशाकडून खेळलेलाच हवा असे काही नाही. कारखान्याच्या संघातून कबड्डी खेळलेले काका, शाळेकडून खो-खो खेळलेल्या आणि लग्नानंतर मैदान सुटलेल्या काकू, रेल्वेच्या संघाचा गोलरक्षक, सगळे चालतील. कोणत्या वर्षी, कुठल्या मैदानावर, सोबत कोण होते, एवढे नीट लिहून द्यावे. फोटो असेल तर मागे नावे लिहावीत. आज ती नावे सांगणारे आपल्यात बसले आहेत, पण ते कायम बसणार नाहीत.

दुसरा प्रस्ताव, मंडळाच्या कार्यालयातले एक कपाट या कामासाठी द्यावे. जुन्या ट्रॉफ्या पोत्यात बांधून माळ्यावर पडल्या आहेत. त्या पुसून, त्यांवरची अक्षरे वाचून एका वहीत उतरवायला समितीची मुले तयार आहेत. मोबाईलमध्येही हे सगळे ठेवू. पण वही आधी, मोबाईल नंतर.

तिसरा प्रस्ताव म्हणजे खरे तर विनंती आहे. परदेशात असलेल्या आपल्या मुला-मुलींनाही या दोन पानांत जागा असावी. तिकडच्या मराठी मंडळांत कुणी क्रिकेटचा संघ चालवतो, कुणाची मुलगी शाळेच्या सॉकर संघात आहे. त्यांचा पासपोर्ट कोणत्या रंगाचा, हे स्मरणिकेने विचारू नये. बाप्पाच्या वर्गणीची पावती फाडताना आपण ते कधी विचारले आहे का?

शेवटी पुन्हा आमच्या नीलकंठाकडे वळतो. इझुमीने बूट काढल्यावर काय केले, हे सांगितलेच आहे. तो मुलांना शिकवायला उभा राहिला. त्या कामाची चित्रफीत फारशी फिरत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला, चेंडू येण्याआधी मान वळवून आजूबाजूला बघून घे, हे शंभर वेळा सांगण्यात बघण्यासारखे काय असणार? पण मैदानावर पुढची पिढी तयार होते ती अशीच. लोकप्रियता येते आणि जाते. ज्याला शिकवले त्याच्या पायात मात्र ते राहते.

आपल्या मंडळाचे कामही काहीसे असेच आहे. दहा दिवस रोषणाई असते, गर्दी असते, फोटो निघतात. विसर्जनानंतर उरते ती वही, कपाट आणि मुलांच्या हातात दिलेले काम. तेवढे नीट सांभाळले, तर सुरतेतल्या मराठी माणसाबद्दल पुढच्यांना चार तारखांपेक्षा थोडे जास्त सांगता येईल.

आरतीची वेळ झाली आहे. 

गणपती बाप्पा मोरया!